दिलेल्या झाडाचे पुढे काय होते

मराठी मुलखात झाड सर्वांत जास्त हातांतून फिरते ते दसऱ्याच्या संध्याकाळी. सीमोल्लंघन झाले की आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात. धाकट्याने पान हातावर ठेवून वाकायचे, थोरल्याने आशीर्वाद देऊन दुसरे पान त्याच्या हातावर ठेवायचे. रात्र होईपर्यंत तेच पान पाच-सहा घरे हिंडून येते. या रीतीमागची कथाही देण्याघेण्याचीच आहे. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, म्हणून तो रघुराजाकडे गेला. रघूसाठी कुबेराने आपट्याच्या झाडावर मुद्रांचा पाऊस पाडला. कौत्साने गरजेपुरत्याच घेतल्या, उरलेल्या रघूनेही ठेवल्या नाहीत आणि लोकांनी त्या लुटल्या. ‘सोने लुटणे’ हा शब्दप्रयोग तिथला.

पान घराघरांत पोहोचले, झाड मात्र ओळखीचे राहिले नाही. या लेखाचा विषय नेमका तेवढाच आहे: झाड भेट म्हणून दिले जाते तेव्हा काय घडते, ते ओळखीचे होण्यासाठी मराठीत कोणती पुस्तके आहेत, आणि ही दोन टोके कुठे जुळतात.

सोने आणि पितळ

आपटा हा दिमाखदार वृक्ष नाही. बुंधा वेडावाकडा, फांद्या खाली झुकलेल्या, साल काळपट आणि खडबडीत. सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळतात. उन्हाळ्यात फिकट पांढऱ्या, बारीक फुलांचे तुरे येतात, पण जवळ गेल्याशिवाय ते दिसत नाहीत. कोरड्या टेकड्यांवर, माळरानाच्या कडेला हे झाड सहज वाढते आणि इतर झाडांत मिसळून जाते. त्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते आणि टोकाशी दोन पाळ्यांत विभागलेले असते.

बाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या ढिगाशेजारी ज्या जुड्या लागतात, त्यांत याच घडणीचे, पण बरेच मोठे, पातळ आणि मऊ पान पुष्कळदा दिसते. ते कांचनाचे. कांचन आपट्याचाच भाऊबंद. त्याची गुलाबी-जांभळी फुले सुंदर म्हणून तो बागांत आणि रस्त्यांच्या कडेला लावला जातो, त्यामुळे शहरात तो चटकन हाताला येतो. विकणाऱ्याला फरक माहीत असतो, घेणाऱ्याला बहुधा नसतो. सोन्याच्या जागी पितळ खपते ते असे. त्यात फसवणुकीपेक्षा अनोळखीपणाचा वाटा अधिक आहे.

वटपौर्णिमेची गत वेगळी नाही. वडाला फेरे घालायला जवळ वड नसला की बाजारातून फांदी आणली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जाते. ज्या झाडाच्या दीर्घायुष्यामुळे व्रत त्याच्याशी जोडले गेले, त्याचीच फांदी एका दिवसासाठी तोडली जाते. या विसंगतीवर बोलून झाले आहे, लिहूनही झाले आहे. अलीकडे काही ठिकाणी त्या दिवशी वडाचे रोप लावतात, दसऱ्याला पानाऐवजी आपट्याचे रोप देतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी तुळशीचे किंवा गवती चहाचे रोप वाण म्हणून लुटतात. हेतू चांगला आहे. पण पान सुकले तरी चालते, रोप सुकून चालत नाही. खरी अडचण इथून सुरू होते.

पिशवीतले झाड

भेटीचे रोप तयार होण्याची प्रक्रिया देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सहसा दिसत नाही. रोपवाटिकेचे वर्ष बियांपासून सुरू होते आणि बियांचे स्वभाव माणसांसारखे निरनिराळे असतात. कडुनिंबाची निंबोळी पावसाच्या तोंडावर पिकते. ती गोळा करून दोन-तीन आठवड्यांत पेरली नाही तर तिची उगवण झपाट्याने घटते. जांभळाचेही तसेच: खाऊन टाकलेली बी ताजी असतानाच लावायची. बहाव्याची बी उलट स्वभावाची. लांब काळ्या शेंगेत ती वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते, तिचे कवच इतके टणक की गरम पाण्यात टाकल्याशिवाय किंवा घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. सागाच्या बियांना पाण्यात भिजवणे आणि उन्हात वाळवणे आलटून पालटून काही दिवस करावे लागते. वड, पिंपळ, उंबर यांची खसखशीसारखी बी पाखरांच्या पोटातून जाऊन भिंतींच्या भेगांत रुजते; म्हणून रोपवाटिकेतली माणसे जुन्या वाड्यांच्या आणि पुलांच्या भिंतींवरची रोपे अलगद काढून पिशवीत लावतात. ज्या घराच्या भिंतीला पिंपळ धोक्याचा, त्याच भिंतीतून निघालेले रोप पुढे एखाद्या पाराची शोभा होते.

माती, वाळू आणि शेणखत यांचे मिश्रण काळ्या पिशवीत भरून त्यात रोप वाढते. इथे वेळेचे गणित असते. सोटमूळ खाली जाते, पिशवीचा तळ गाठते आणि पुढे वाट नसल्यामुळे गोल फिरू लागते. वर्षभर पिशवीत राहिलेले रोप चांगले उंच दिसते, म्हणून भेटीसाठी तेच निवडले जाते. पण त्याची मुळे तळाशी गुंडाळलेली असतात. असे झाड लावल्यावर दोन-तीन वर्षे ठीक दिसते आणि पुढे एखाद्या वादळात मुळासकट कलंडते. मुळे फिरलेली असतील तर लावण्याआधी तळाचा गुंता कापून टाकायचा, पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, ही साधी माहिती रोपासोबत क्वचितच दिली जाते.

खड्ड्याचेही तसेच. तो पावसाच्या सुरुवातीला घाईघाईने खणायचा नसतो. एप्रिल-मेमध्ये साधारण 2 फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल खणून उन्हात तापू द्यायचा. जमिनीतले किडे-बुरशी कमी होतात. तळाशी पालापाचोळा आणि शेणखत, वर पोयट्याची माती, आणि मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर लागवड. शेजारी बांबूची काठी, भोवती आळे, आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन. एवढे केले तरी काम निम्मेच झाले. पावसाळ्यात रोप आपोआप वाढते. परीक्षा पुढच्या मार्च ते मे या तीन महिन्यांत असते, आणि अशी परीक्षा ओळीने दोन-तीन उन्हाळे द्यावी लागते. शिवाय शेळी असतेच.

हे सगळे लक्षात घेतले की व्यासपीठावरच्या रोपाचे भवितव्य कळते. सत्कारमूर्तींना पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची पद्धत आता सभा-समारंभांत रुळली आहे. पाहुणे रोप स्वीकारतात, छायाचित्र निघते, रोप गाडीच्या डिकीत जाते. पाहुणे तिसऱ्या मजल्यावर राहतात. रोप करंजाचे असते. पूर्ण वाढलेल्या करंजाला लागणारी जागा त्यांच्या सदनिकेपेक्षा मोठी असते. पुष्पगुच्छाची किंमत दोन दिवसांत वसूल होते. या रोपाला मात्र मरायलाही महिनाभर लागतो, आणि घरच्यांना त्याची टोचणी राहते.

नक्षत्रवृक्षांच्या भेटीत हा घोळ आणखी रंगतो. जन्मनक्षत्रानुसार प्रत्येकाचे एक आराध्य झाड मानणारी 27 झाडांची प्रचलित यादी रोपवाटिकांत फलकावर लावलेली असते आणि वाढदिवसाच्या भेटीसाठी तिला मागणीही असते. भरणी नक्षत्रवाल्याला आवळा, रोहिणीला जांभूळ, चित्राला बेल, उत्तराषाढाला फणस मिळतो. ही मंडळी नशीबवान. अश्विनीच्या वाट्याला कुचला येतो, ज्याच्या बिया जालीम विषारी असतात. आर्द्रा नक्षत्राचा कृष्णागरू हा ईशान्य भारतातल्या दमट रानांतला वृक्ष. तो सोलापूरच्या अंगणात काय करणार? पुष्य नक्षत्राचा पिंपळ सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारी लावायचा तर समितीची खास सभा बोलवावी लागेल. यादीचा एक फायदा निर्विवाद आहे: तिच्यामुळे पायर, कदंब, नागकेशर ही नावे निदान लोकांच्या तोंडी राहिली.

रानमळ्याची रीत

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात रानमळा हे छोटे गाव आहे. झाड भेट देण्याची पद्धत टिकाऊ कशी करता येते याचे महाराष्ट्रातले सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण तिथले आहे. या गावाने रोपाला प्रसंगाचे नाव दिले. घरात मूल जन्मले की ग्रामपंचायत जे रोप देते तो शुभेच्छा वृक्ष. लग्न झाले की शुभमंगल वृक्ष. दहावी-बारावीत यश मिळाले, नोकरी लागली, निवडणूक जिंकली की आनंद वृक्ष. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की तिच्या नावाने माहेरी लावायचे झाड म्हणजे माहेरची झाडी. आणि घरातले माणूस गेले की त्याच्या आठवणीचा स्मृती वृक्ष.

वरवर पाहता ही नावे भावुक वाटतात. त्यांचे काम मात्र व्यवहाराचे आहे. रोप कोणाचे, ते कोणत्या दिवशी आले, कुठे लागले आणि पाणी कोण घालणार, या चारही प्रश्नांची उत्तरे नावातच येतात. आजोबांच्या नावाचा आंबा वाळू द्यायला घरातले कोणी धजत नाही. माहेरच्या झाडीची लेक दिवाळीला येते तेव्हा आधी झाडाकडे जाऊन पाहते. तिच्या आईला ते ठाऊक असते. रोपे बहुतेक फळझाडांची असतात, त्यामुळे सांभाळण्यात हितही असते. ती लागतात घराच्या परसात किंवा शेताच्या बांधावर, म्हणजे माणसाच्या रोजच्या वाटेवर. दूरच्या टेकडीवर एका दिवसात हजार खड्डे भरण्यापेक्षा हे फार संथ काम आहे. म्हणूनच ते टिकते.

राज्य शासनाने पुढे हीच रीत इतर ग्रामपंचायतींनीही चालवावी असे ठरवले. त्याच सुमारास राज्यात लागवडीच्या मोठ्या मोहिमा सुरू होत्या: 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी असे त्यांचे चढते संकल्प होते. त्यांतली किती रोपे जगली यावर बराच वाद झाला. कोटींच्या आकड्यात सांभाळणाऱ्याचे नाव मावत नाही, हे त्या वादाचे मूळ आहे.

2018 च्या कन्या वन समृद्धी योजनेत मात्र नाव आहे. शेतकरी कुटुंबात मुलगी जन्मली की त्या कुटुंबाला 10 रोपे मिळतात: सागाची 5, आंब्याची 2 आणि फणस, जांभूळ, चिंच यांचे प्रत्येकी 1. एक किंवा दोन मुली असलेल्या कुटुंबांसाठी ही योजना आहे आणि झाडांचे उत्पन्न मुलीसाठी वापरायचे असा तिचा हेतू आहे. रोपांची निवड कोणी तरी शेतकऱ्याच्या डोक्याने केलेली दिसते. साग तोडण्याजोगा व्हायला किमान वीस-एक वर्षे जातात, तोवर मुलगी मोठी होते. आंबा, फणस, जांभूळ त्याआधीच फळ देऊ लागतात. चिंचेला सर्वांत उशीर, पण ती एकदा धरली की पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देते आणि तिला पाणी मागायची सवय नसते.

परसातल्या झाडाकडे मुलासारखे पाहणे ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दलची ताकीद आहे. आंबा, फणस ही झाडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी पुष्कळ काळ जतन करून वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा तिचा आशय आहे. राज्यकारभाराच्या ग्रंथात झाडाच्या मालकाच्या दुःखाची दखल घेतलेली आढळते, ही बाब आजच्या रस्तारुंदीकरण खात्यांना वाचून दाखवण्याजोगी आहे.

नाव कळल्याशिवाय

रोप देणे सोपे, झाडाची ओळख देणे अवघड. मराठीत झाडांच्या नावांचा गोंधळ मोठा आहे. सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेला उंच, सरळ, झुकलेल्या पानांचा ‘अशोक’ हा अशोक नसून आसुपालव आहे. खरा सीताअशोक मध्यम उंचीचा, डेरेदार, नारिंगी-लाल गुच्छांचा. खानदेशातला अंजन हा कोरड्या डोंगरांवरचा उंच वृक्ष. महाबळेश्वरची अंजनी हे निळ्या-जांभळ्या फुलांनी फांदी न् फांदी मढवणारे अगदी वेगळे झाड. शिवपिंडीसारख्या फुलामुळे कैलासपती देवळांत पूज्य झाला, पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. राज्यपुष्प ताम्हण, 1 मेच्या आसपास ते जांभळे फुलते, आणि त्याच्याखालून जाणारे बहुतेक लोक त्याला नावाने ओळखत नाहीत.

या गोंधळातून वाट काढणारे पहिले मोठे काम इंग्रजीत झाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात सिद्ध केला. अभ्यासक आजही तो उघडतात. सामान्य वाचकासाठी तो नाही. ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे 1937 चे भारतीय सुंदर वृक्षांवरचे पुस्तक आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांचे नॅशनल बुक ट्रस्टसाठी लिहिलेले छोटे पुस्तक यांनी झाडे दिवाणखान्यात आणली.

मराठीत हे काम महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी आणि हौशी अभ्यासकांनी केले. प्रा. श्री. द. महाजन यांची ‘देशी वृक्ष’ आणि ‘विदेशी वृक्ष’ ही पुस्तके एक महत्त्वाचा भेद वाचकाच्या मनात रुजवतात. गुलमोहर मादागास्करचा, रेनट्री दक्षिण अमेरिकेतला, हे कळले म्हणून ती झाडे तोडायची नसतात. पण नवे झाड निवडताना कुसुंब, वावळ, बेहडा, पाडळ ही नावे आठवावी लागतात आणि त्यासाठी ती आधी माहीत असावी लागतात. श्रीकांत इंगळहळीकर मूळचे अभियंते. ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ या 2001 च्या पुस्तकाने ट्रेकरांच्या पिशवीत फुलांचे पुस्तक घातले. ‘आसमंत’मध्ये त्यांनी पुणे परिसरातल्या झाडांकडे मोर्चा वळवला. गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि पुण्याच्या बुधवार पेठेत आयुष्यभर विजेशिवाय राहिलेल्या डॉ. हेमा साने यांनी ‘आपले हिरवे मित्र’ आणि ‘बुद्ध परंपरा आणि बोधिवृक्ष’ लिहिले. दुसऱ्या पुस्तकात एकाच झाडामागे इतिहास, धर्म आणि वनस्पतिशास्त्र अशा तीन वाटांनी जाता येते.

ही पुस्तके घरी वाचायची नसतात. म्हणजे वाचावीत, पण काम देतात ती झाडाखाली. मुंबईत त्यासाठी राणीची बाग आहे. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या त्या बागेत लोक पेंग्विन पाहायला रांगा लावतात. तिथेच म्यानमारची उर्वशी आहे, आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचे हत्तीच्या पोटासारखे बुंधे आहेत. पुस्तक हातात धरून चालणाऱ्याची गती तासाला दहा-बारा झाडे एवढीच असते. आधी पान पाहायचे: एकटे की अनेक पर्णिकांचे, समोरासमोर की एकाआड एक. मग साल, मग फूल असेल तर फूल. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर पुस्तक उघडायची गरज कमी होते. जिथून पुस्तक मिटते, तिथून झाड आपले होते.

ललित लेखकांचे रान

ओळख पटली की ओढ लागतेच असे नाही. तिच्यासाठी वेगळ्या पुस्तकांची गरज असते, आणि त्या बाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 मध्ये आले. बारा महिन्यांच्या बारा लेखांतून त्यांनी झाडांना पंचांगात बसवले. कोणत्या महिन्यात कोण पानगळीला लागतो, कोण पालवतो, कोणाच्या फुलांचा रंग उन्हासोबत बदलतो, हे त्यांनी कवीच्या आणि अभ्यासकाच्या अशा दोन्ही डोळ्यांनी पाहिले. हे पुस्तक सलग वाचून संपवण्यापेक्षा त्या त्या महिन्यात ते ते प्रकरण काढून खिडकीबाहेरच्या झाडाशी ताडून पाहावे. भेट द्यायची तर वर्षाच्या आरंभी, पाडव्याला द्यावी.

वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या ‘वृक्षगान’, ‘फुलवा’, ‘हिरवाई’ या पुस्तकांचा सूर वेगळा आहे. शहरातल्या झाडांवर प्रेम करायला जंगलात जावे लागत नाही, ही गोष्ट मुंबईकरांना त्यांच्याइतकी लाघवीपणे फार थोड्यांनी सांगितली.

आणि मारुती चितमपल्ली. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी वनखात्यात छत्तीस वर्षे काढली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची रोजची कचेरी होती. जंगलात गोंड, माडिया, कोरकू लोकांकडून ऐकलेले शब्द त्यांनी मराठीत आणले, नसलेले घडवले. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार हे त्यांचे शब्द. 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘जंगलाचं देणं’. मराठीत ‘देणं’ या शब्दाला दोन पदर आहेत. मिळालेली देणगी हेही देणे आणि फेडायचे राहिलेले कर्ज हेही देणेच. नाव ठेवताना लेखकाच्या मनात कोणता पदर होता हे वाचकाने ठरवावे. पुस्तक दोन्ही अर्थांना पुरून उरते.

परभाषेतून आलेल्या आणि भेट म्हणून देण्यात येणाऱ्या पुस्तकांत ज्यां जिओनो या फ्रेंच लेखकाची झाडे लावणाऱ्या माणसाची कथा मानाची आहे. एका मासिकाने जिओनोला अविस्मरणीय खऱ्या माणसाबद्दल लिहायला सांगितले. त्याने 1953 मध्ये एकट्याने ओसाड डोंगर हिरवा करणाऱ्या मेंढपाळाचे चित्र रंगवले. माणूस काल्पनिक निघाल्याने मासिकाने ते नाकारले. पुढे जिओनोने या कथेवरचा हक्क सोडून ती सर्वांना मोकळी केली. लोकांना झाडांची गोडी लागावी एवढाच हेतू असल्याचे त्याने सांगितले. कथाच भेट झाली. ती सुरेख आहे, पण तिच्यात एक उणीव आहे: तिच्यातला माणूस एकटा आहे. महाराष्ट्रातला अनुभव सांगतो की एकट्याने लावलेले रान त्याच्या मागे सांभाळायला गाव लागते.

कागदाचे मूळ

झाडांवरचे पुस्तकही झाडापासूनच बनते, ही कुरकुर अधूनमधून ऐकू येते. तिची दिशा चुकीची नाही, पण ती पुरेशी लांब जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याने कित्येक दशके चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतला बांबू वापरला. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू गवत आहे. 1927 च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवले होते, आणि त्यामुळे जंगलालगतच्या गावाला स्वतःच्या रानातला बांबू विकणे अवघड झाले होते.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव याविरुद्ध कित्येक वर्षे शांतपणे उभे राहिले. गावात अभ्यासगट होता. प्रश्न पडला की लोक एकत्र बसून कायदा वाचत, त्यावर चर्चा करत आणि सर्वांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय घेत नसत. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू विकण्याचा परवाना मिळायला मात्र 2011 चा एप्रिल उजाडला. तो द्यायला केंद्रीय पर्यावरणमंत्री स्वतः गावात आले. संपूर्ण देशासाठी वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूची ‘झाड’ या व्याख्येतून सुटका 2017 च्या अखेरीस झाली. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा सगळा प्रवास लिहिला आहे. जंगल हे केवळ झाडांचा समूह नसून ते कोणाच्या तरी जेवणाचे, घराचे आणि हक्काचे असते, हे शहरातल्या झाडप्रेमीला कळायचे असेल, तर ‘ऋतुचक्र’सोबत हे पुस्तक द्यावे. या दोन पुस्तकांमधले अंतर पार केल्याशिवाय झाडांविषयीचे प्रेम अर्धवट राहते.

झाड आणि साहित्य यांची थेट गाठही एकदा पडली. बीडजवळच्या पालवण येथे 2020 च्या फेब्रुवारीत अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई संस्थेने वृक्षसंमेलन भरवले आणि अध्यक्षपद वडाला दिले. दुष्काळी भागातल्या उजाड माळावर झाडे उभी करून तिथेच साहित्य संमेलनाचा थाट करण्याची ही कल्पना मराठी मनाला बरोबर कळते. अध्यक्षांनी भाषण केले नाही, ही संमेलनाच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट.

एका भेटीची जुळवाजुळव

अनुभवी माणसे झाड भेट देतात तेव्हा घेणाऱ्याच्या घरी आधी जाऊन येतात. अंगण असेल तर उन्हाची दिशा पाहतात. बांध असेल तर विहीर किती दूर आहे ते विचारतात. गॅलरीच असेल तर वृक्ष देतच नाहीत; कढीपत्ता, तुळस, मोगरा अशी कुंडीत सुखाने राहणारी रोपे देतात आणि वृक्षाची हौस पुस्तकावर भागवतात. अंगणवाल्याला दिलेल्या पुस्तकात झाडाच्या पानाशी खूण घालतात, पहिल्या कोऱ्या पानावर रोप लावल्याची तारीख लिहितात. पुढे त्याच पानावर पहिले फूल, पहिले फळ यांच्या नोंदी होत गेल्या, तर पुस्तकाची ती प्रत दुकानात मिळणाऱ्या प्रतीपेक्षा वेगळी होते.

आपट्याच्या बाबतीत हे सारे विकत न घेताही करता येते. हिवाळ्यात झाडावर काळपट, किंचित वाकड्या शेंगा लटकत असतात. त्या गोळा करून बी काढावे, रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पिशवीत लावावे. पुढच्या दसऱ्यापर्यंत वीतभर रोप तयार होते. त्यावर मोजकीच पाने असतात; ती तोडायची नसतात.